पुडीतल्या गोळीचे नाव काय?

मुलाच्या अंगावर पित्त उठले की आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरांत आधी आमसूल शोधले जाते. आमसुलाच्या पाण्याने घटकाभर थंड वाटते, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या पथ्याला. अंडे बंद, वांगे बंद, दही बंद, शेंगदाणे तर बंदच! अशा गांधी सहा आठवड्यांहून अधिक दिवस येत-जात राहिल्या तर ते जुनाट शीतपित्त. त्यात खाण्यातला पदार्थ क्वचितच कारण असतो. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. पथ्याने पोर वाळते, पित्त उठायचे ते उठतेच. सेटिरिझिनसारखे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत नियमित द्यावे. पुष्कळ मुलांचा त्रास काही वर्षांत आपोआप मिटतो. काहींचे पित्त मात्र आयबुप्रोफेनसारख्या तापाच्या औषधाने भडकते, आणि खरा घोटाळा इथेच सुरू होतो.

"याला गोळी सोसत नाही साहेब," असे पालक सांगतात. कोणती? "ते काही माहीत नाही, पुडी दिली होती." पुडीत तीन रंगांच्या गोळ्या, कागद कोरा. त्यातली एक सल्फाची होती, पेनिसिलिनच्या घराण्यातली होती की नुसती तापाची, हे कोणी कसे ओळखावे? ज्या औषधाने खरेच रिअॅक्शन आली तेच पुन्हा पोटात जाऊ शकते, आणि दुसरी खेप पहिलीपेक्षा भारी पडू शकते.

उलटही घडते. विषाणूच्या तापात मुलांना पुरळ येते, गांधीही उठतात. नेमके तेव्हा अमॉक्सिसिलिन चालू असले की आळ त्याच्यावर, आणि 'पेनिसिलिन चालत नाही' हा शिक्का जन्मभराचा. असा शिक्का बसलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते औषध चालते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. रुमॅटिक तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याला खोटा शिक्का कसा परवडावा? अर्थात ही खात्री घरी करून पाहण्याची नाही. विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

आम्हा डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली दुरुस्ती झाली. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे त्यात आहे. तेव्हा चिठ्ठी मागताना संकोच कशाला? डॉक्टर रागावले तर रागावू द्या. लसीकरणाच्या कार्डामागे औषधाचे नाव, तारीख आणि किती वेळाने गांधी उठल्या एवढे लिहून ठेवा; जमल्यास गांधींचा फोटो काढा. पुडी मात्र फेकू नका.

ओठ-जीभ सुजली, दम लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा मूल गळून गेले तर आमसूलही नको आणि गोळीची वाट पाहणेही नको. तेव्हा लागते मांडीतले अॅड्रेनलिनचे इंजेक्शन, तेही मिनिटांत. किनवटहून नांदेड किंवा देवणीहून लातूर गाठण्याच्या नादात वेळ घालवू नये. लसीकरणासाठी हे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेले असते. आधी तिथे जावे.