सत्तर टक्क्यांचा अर्थ कोणी सांगायचा?

वऱ्हाडात खरिपाचा हंगाम ओसरू लागला की गावोगाव दोन आकड्यांची चर्चा सुरू होते. एक गावाच्या पैसेवारीचा आणि दुसरा पीक विम्याच्या भरपाईचा. अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन, तूर पिकविणाऱ्या कुटुंबांचे पुढील वर्षाचे गणित या आकड्यांवर बरेचसे अवलंबून असते. हे आकडे कसे निघतात, हे मात्र थोड्यांनाच उमगते आणि त्याचे खापर शेतकऱ्याच्या अडाणीपणावर फोडले जाते. वस्तुतः ज्या घरात पदवीधर मुलगा आहे, त्या घरातही शासन निर्णयातील एका वाक्याचा उलगडा होत नाही. तेव्हा प्रश्न निरक्षरतेचा राहत नाही, शिक्षणपद्धतीचा होतो.

पीक विम्याचेच उदाहरण घेऊ. व्यक्तिगत शेताऐवजी एकजिनसी क्षेत्राचे उत्पादन हा विम्याचा आधार मानावा, असे प्रतिपादन अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली केले. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच तत्त्वावर उभी राहिली आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा पायाही तोच आहे. महाराष्ट्राने २०२३ साली एक रुपयात विमा देऊ केला; २०२५ साली ती सवलत बंद झाली. त्याच वर्षीच्या खरिपासाठी स्थानिक आपत्तीसारखे इतर निकष वगळून राज्याने पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर भरपाईची भिस्त ठेवली. त्यामुळे उत्पादन व भरपाई यांचा संबंध समजून घेणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

हा संबंध शब्दांत असा मांडला जातो: मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरी उत्पादनाला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पादन मिळते, महसूल मंडळाचे प्रत्यक्ष उत्पादन त्याहून कमी आले, तर घटीच्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई मिळते. राज्यात जोखीमस्तर सत्तर टक्के ठरविला गेला. 'सत्तर टक्के' हे शब्द ऐकताच नुकसानीच्या सत्तर टक्के रक्कम मिळणार, असा सहज ग्रह होतो. तो चुकीचा आहे, हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचूनही ध्यानात येत नाही. त्यासाठी वाक्याला दुसरे रूप द्यावे लागते.

सोयीसाठी समजा, मंडळाचे सरासरी उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम ४९,००० रुपये. मग उंबरठा उत्पादन ७ क्विंटल झाले. कोष्टक मांडले तर उत्पादन १० असताना भरपाई शून्य, ८ असताना शून्य, ६ असताना ७,००० रुपये, ४ असताना २१,०००, २ असताना ३५,००० आणि पीक पूर्ण बुडाले तर ४९,०००. उत्पादन निम्म्यावर, म्हणजे ५ क्विंटलवर आले तर निम्मी रक्कम नव्हे, केवळ १४,००० रुपये हाती पडतात.

आता हेच आलेखावर काढावे. आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर भरपाई. दहापासून सातपर्यंत रेषा जमिनीला चिकटून राहते आणि सातपासून शून्याकडे जाताना सरळ वर चढते. उत्पादनातील पहिली तीस टक्के घट शेतकऱ्याने एकट्याने सोसायची आहे, हे त्या आडव्या तुकड्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. समीकरण आणखी एक गोष्ट उघड करते. उंबरठ्यातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करून त्याला उंबरठ्याने भागावे आणि विमा संरक्षित रकमेने गुणावे; म्हणजे उंबरठ्याखालील प्रत्येक क्विंटलची किंमत ७,००० रुपये ठरते.

तथापि यांपैकी कोणतेही एक रूप स्वयंपूर्ण नाही. वरील कोष्टकातील ८ व ६ हे बिंदू सरळ जोडले तर रेषा आठपाशीच वळते, असा भ्रम होतो. ती सातपाशी वळते, हे कोष्टक सांगत नाही. नुसत्या समीकरणात ८ हा आकडा घातला तर उत्तर उणे ७,००० येते, जणू चांगले पीक आल्याबद्दल शेतकऱ्यानेच पैसे भरायचे! 'कमी आले तर' हे तीन शब्द समीकरणातून निसटले की असा अनर्थ होतो. आणि आडव्या अक्षावरील उत्पादन मंडळाचे आहे, स्वतःच्या शेताचे नव्हे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर केवळ शब्दच सांगू शकतात. ज्याचे शेत वाहून गेले पण मंडळाची सरासरी टिकली, त्याच्या पदरी शून्य का येते, याचे उत्तर येथे आहे.

पैसेवारीचे रूप याहून निराळे. पीक पन्नास पैशांपेक्षा कमी ठरले की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, हा जुना प्रघात. त्या सवलतींत जमीन महसुलातील सूट आहे, तशीच विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफीही आहे. याचा आलेख काढला तर चढण दिसत नाही, पायरी दिसते. ४९ आणि ५१ पैशांच्या दोन शेजारगावांतील पिकात फरक नाममात्र. पण एक पायरीच्या या बाजूला, दुसरे त्या बाजूला. पैसेवारीवरून एवढे वाद का होतात आणि विम्याच्या वादाहून त्यांचे स्वरूप वेगळे का असते, हे या दोन चित्रांवरून स्पष्ट होते.

मग हे शाळा-महाविद्यालयांत का शिकविले जात नाही? खरे तर सर्व साहित्य तेथे आहे. दहावीच्या गणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे पहिल्या प्रकरणात येतात, सांख्यिकी शेवटच्या. अर्थशास्त्रात मागणीचा नियम, मागणीपत्रक व मागणी वक्र लागोपाठ येतात. परंतु विद्यार्थी ते तीन वेगळे प्रश्न म्हणून पाठ करतो. गणितात ज्या चलावर दुसरे अवलंबून असते ते आडव्या अक्षावर असते. अर्थशास्त्रात मात्र आल्फ्रेड मार्शलपासूनच्या परिपाठाने किंमत उभ्या अक्षावर जाते. हा बदल कोणी समजावून न दिल्यामुळे दोन्ही विषयांत चांगले गुण मिळविणाऱ्यालाही दोन्ही आलेख एकाच जातीचे आहेत, हे कळत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. अकोल्यास कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीस विद्यापीठ आहे. शाळा व महाविद्यालयांनी वर्षातून एक तरी शासन निर्णय विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि त्याचे कोष्टक, आलेख व समीकरण करून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उलटा प्रवास करवावा: आलेख द्यावा आणि तो आजोबांना समजेल अशा मराठीत लिहून आणण्यास सांगावे. परीक्षेत त्यासाठी गुण ठेवल्याशिवाय हे घडणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. शासनानेही आपल्या निर्णयासोबत दहा ओळींचे कोष्टक व एक आलेख छापावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याला जागा पुरते.

सूत्र ठरविण्याचा अधिकार शासनाचा असेल. परंतु ते सूत्र न्याय्य आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाचा आहे. जोखीमस्तर सत्तरऐवजी ऐंशी असावा काय, मंडळाऐवजी गाव हे एकक असावे काय, हे खरे लोकशाहीतील प्रश्न आहेत. रेषा कोठे वळते हेच ज्याला दिसत नाही, तो ती कोठे वळावी याविषयी काय बोलणार?