दुरुस्तीचीच वाट बंद!

फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत सरकारने एका संकेतस्थळाचे दार बंद केले, आणि ते बंद झाल्याचे बहुसंख्य नागरिकांस ऑगस्ट उजाडेपर्यंत कळलेही नाही. ते संकेतस्थळ कोणा शत्रुराष्ट्राच्या प्रचारयंत्रणेचे नव्हते, की जुगाराच्या अड्ड्याचे नव्हते. व्हीएलसी या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या, चित्रपट दाखविणाऱ्या व गाणी ऐकविणाऱ्या प्रणालीचे ते मूळ घर होते. रस्त्याचे काम चालले असता मध्ये ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकू हे तिचे चिन्ह. वर्ध्यात ज्या घरी संगणक आहे, त्या घरी हा शंकू बहुधा असतोच. छायाचित्रकाराने लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हवर घालून दिली, की ती उघडण्यासाठी हात प्रथम त्याच्याकडेच जातो.

ही प्रणाली कोणा धनाढ्य कंपनीची मालमत्ता नव्हे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या उपक्रमातून ती जन्मास आली आणि २००१ पासून ती सर्वांस मुक्तपणे उपलब्ध आहे. आज ती व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली, मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर व देणग्यांवर चालते. तीत जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. सेवाग्रामच्या पंचक्रोशीत राहणाऱ्यांस अशा निर्मोही सार्वजनिक कामाचे अप्रूप वाटू नये. परंतु त्याची कदर निश्चितच वाटली पाहिजे. असे असता बंदीचे कारण सरकारने जाहीर केले नाही. संस्थेला पूर्वसूचना मिळाली नव्हती, असे तिचे म्हणणे. माहितीच्या अधिकाराखाली ज्यांनी विचारणा केली, त्यांस संबंधित मंत्रालयाकडे माहिती उपलब्ध नाही, असे उत्तर मिळाले! अखेर इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने व्हिडिओलॅनने ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारला कायदेशीर नोटीस धाडली, आणि नोव्हेंबरात ते दार पुन्हा उघडले.

‘चित्रपट पाहण्याचे एक साधन चार-सहा महिने दुर्मिळ झाले, तर त्यासाठी अग्रलेख कशाला?’ असे काही वाचक म्हणतील. प्रश्न रास्त आहे. कारण या दाराचे महत्त्व चित्रपटाशी नव्हे, दुरुस्तीशी निगडित आहे, आणि ते ध्यानी यावयास यंत्राच्या पोटात थोडे डोकवावे लागते.

चित्रपटाची फाईल म्हणजे नुसती चित्रे नव्हेत. तिच्या आरंभी एक प्रकारची चिठ्ठी असते : आत काय आहे, किती आहे, कोणत्या पद्धतीने रचले आहे. प्लेअर ती चिठ्ठी वाचतो आणि संगणकाच्या स्मृतीत तेवढी जागा मोकळी करतो. आता हिंगणघाटच्या कापूस बाजारातील एखाद्या गाडीची कल्पना करावी. चिठ्ठीवर दहा क्विंटल लिहिले आहेत. व्यापाऱ्याने गोदामात तेवढीच जागा केली. प्रत्यक्षात गाडीतून पंधरा क्विंटल ओतले गेले. वरचे पाच क्विंटल शेजारच्या मुनीमजींच्या खोलीत जाऊन पडणार आणि त्यांच्या वह्या गाडल्या जाणार. लबाड माणूस याच्याही पुढे जातो. त्या वरच्या पाच क्विंटलांत तो स्वतः लिहिलेल्या खोट्या वह्या दडवून ठेवतो; मुनीमजी त्याच खऱ्या मानून पैसे मोजू लागतात! जो प्लेअर चिठ्ठीवर आंधळा विश्वास ठेवतो, तो असाच फसतो. आणि मग परक्याचे हुकूम आपल्या यंत्रात आपल्याच नावाने चालू लागतात. चिठ्ठी पडताळून पाहण्याची जी ओळ कार्यक्रमात राहून गेली होती ती घालणे, याचेच नाव दुरुस्ती.

ही भीती काल्पनिक नाही. २०१५ च्या जुलैत अँड्रॉइड फोनांतील स्टेजफ्राइट नावाच्या दृक्‌श्राव्य विभागात असे दोष आढळले, की केवळ एक चित्रसंदेश येऊन पडल्याने फोन परक्याच्या हाती जाऊ शकला असता. सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या कक्षेत येतात, असा ते दोष उघडकीस आणणाऱ्यांचा अंदाज होता. गूगलने त्यानंतरच दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की चित्रपटाखाली उमटणाऱ्या संवादांच्या फाईलमधूनही हल्ला चढविता येतो. व्हीएलसीसह चार प्लेअर त्यात सापडले. संवादांची फाईल ती काय! तिच्यावर संशय घेण्याचे कोणाच्या स्वप्नीही आले नसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या एमपी-४ चित्रफितींबाबत असाच दोष निघाला आणि आपल्या देशाच्या सर्ट-इन या सुरक्षा यंत्रणेने त्याविषयी नागरिकांस इशारा दिला.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग आम्हास अधिक बोधप्रद वाटतो. जुलै २०१९ मध्ये जर्मन सरकारच्या सुरक्षा यंत्रणेने व्हीएलसीत गंभीर दोष असल्याचे जाहीर केले, आणि ती प्रणाली तत्काळ काढून टाका, असा गिल्ला देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी केला. चौकशीअंती निष्पन्न काय झाले? दोष होता, पण तो व्हीएलसीने वापरलेल्या एका उसन्या ग्रंथालयात होता, आणि तो सोळा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झाला होता. ज्याने तक्रार केली, त्याच्या संगणकावर ते जुने ग्रंथालय तसेच राहिले होते. औषध तयार असून रोग्यापर्यंत पोहोचले नव्हते. संगणकाच्या व्यवहारात हेच वारंवार घडते. चोर पुष्कळदा नवे भोक पाडीत बसत नाही. भोक कोठे होते हे दुरुस्तीच्या पत्रकातच छापलेले असते, आणि ते ज्यांनी बुजविले नाही त्यांची घरे तो हुडकीत फिरतो. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतरचे दिवस म्हणूनच आळशी माणसास पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे असतात.

आता सरकारने बंद केलेल्या दाराकडे पुन्हा वळू. ज्यांच्या संगणकावर व्हीएलसी होती, तिचे चालणे बंद पडले नाही. बंद पडली ती नवी, दुरुस्त प्रत मूळ ठिकाणाहून आणण्याची सरळ वाट. माणसाला चित्रफीत तर पाहावयाची असते. मग तो शोधयंत्रात नाव घालतो आणि प्रथम जे अनोळखी संकेतस्थळ दिसेल तेथून प्रत उतरवून घेतो. तिच्याबरोबर आणखी काय उतरले, हे त्यास कळावे कसे? काहींनी असे म्हटले, की चिनी हेरगटाने व्हीएलसीचा दुरुपयोग केल्याचे उघड झाल्यामुळे ही बंदी आली असावी. परंतु सिमँटेकचा तो अहवाल एप्रिल २०२२ मधला, म्हणजे बंदीनंतरचा. आणि त्यात वर्णिलेली युक्ती अशी, की हल्लेखोर अस्सल व्हीएलसीच्या शेजारी आपली विषारी फाईल नेऊन ठेवीत. दरोडेखोराने सुताराची पटाशी वापरली म्हणून सुताराच्या दुकानाला टाळे ठोकावे, तशातला हा न्याय झाला असता.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ या कलमाने सरकारला संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार दिला आहे, आणि देशाच्या रक्षणार्थ तो असावा, याविषयी आमचा वाद नाही. तथापि २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले, ते त्यात लेखी कारणे आणि संबंधितांची सुनावणी यांची तरतूद आहे, हे लक्षात घेऊन. ती तरतूद कागदावर ठेवावयाची आणि नियमांतील गोपनीयतेच्या कलमाआड कारणे दडवावयाची, हा प्रकार त्या निर्णयाच्या आशयाशी सुसंगत नाही. ज्या ठिकाणाहून लक्षावधी नागरिकांस सुरक्षा-दुरुस्ती मिळते, तेथे कुलूप लावण्यापूर्वी त्या नागरिकांचे काय होईल हे सर्ट-इनला विचारणे सरकारवर बंधनकारक असावे. एक खाते दुरुस्ती करून घ्या म्हणते आणि दुसरे तिची वाट अडविते, हे कोणत्या प्रशासनशास्त्रात बसते?

नागरिकही निर्दोष नाहीत. पण त्यांच्यावर सरसकट कोरडे ओढण्यास आम्ही तयार नाही. ‘चालते आहे तर हात कशाला लावायचा?’ या वृत्तीमागे आळस आहे, तसा अनुभवही आहे. नवी आवृत्ती घेतली की बटणे जागा सोडतात, जुना फोन रांगू लागतो, नको असलेली परवानगी मागितली जाते. कंपन्यांनी दुरुस्ती आणि दुकानदारी एकाच पुडीत बांधल्यामुळे लोकांचा दुरुस्तीवरचा विश्वास उडाला. निव्वळ सुरक्षेची दुरुस्ती वेगळी व मुकाट मिळावी, ही ग्राहकाची मागणी न्याय्यच आहे. आणि ज्या फोनला कंपनीने दुरुस्ती देणेच थांबविले, त्या फोनच्या मालकाने काय करावे? आपल्या जिल्ह्यात थोरल्याचा फोन धाकट्याकडे आणि त्याच्याकडून आजीकडे जातो. काटकसर म्हणून ते योग्यच. परंतु त्या तिसऱ्या हातातील फोनवर बँकेचे व्यवहार होऊ नयेत, एवढे तरी घरच्या जाणत्यांनी पाहावे.

आम्हास अधिक चिंता वाटते ती शाळांची. या लेखकाने काही वर्षे खडू हाती धरला आहे, त्यामुळे अनुदानाची रीत त्यास ठाऊक आहे. यंत्र येते, नारळ फुटतो, फलक लागतो. देखभालीचे शीर्षक मात्र अंदाजपत्रकात शोधू जावे तर सापडत नाही. संगणक कक्षाची किल्ली ज्या शिक्षकाकडे असते, त्याच्याकडे गणिताचे तास, निवडणुकीचे काम आणि पोषण आहाराचा हिशेबही असतो. मुले शैक्षणिक चित्रफिती पेन ड्राइव्हवर आणतात. तोच पेन ड्राइव्ह घरच्या, मित्राच्या आणि झेरॉक्सच्या दुकानातील संगणकात जाऊन आलेला असतो. विंडोज-१० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. कोणत्या शाळेतील किती यंत्रे त्या प्रणालीवर अडकली आहेत, याची यादी वर्धा, सेलू, देवळीपासून आर्वी, आष्टी, कारंजापर्यंत आणि इकडे हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत आठही तालुक्यांतून मागविणे हे शिक्षण विभागाला एका परिपत्रकाने साधण्यासारखे काम आहे. जेथे यंत्र जुने पण धडधाकट असेल, तेथे लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसविता येते. त्यासाठी जिल्ह्यातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचे साहाय्य घ्यावे. श्रमातून शिक्षण हा विचार १९३७ च्या परिषदेत याच वर्ध्यात मांडला गेला. संगणकाची दुरुस्ती हाही श्रमच आहे.

जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकात शाळांच्या संगणकांच्या देखभालीसाठी स्वतंत्र शीर्षक असावे, आणि वर्षातून निदान चार वेळा प्रत्येक कक्षातील यंत्रे तपासल्याची नोंद मुख्याध्यापकांच्या दप्तरी राहावी, अशी आमची मागणी आहे. तोवर ज्यांच्या घरी तो नारिंगी शंकू आहे त्यांनी व्हीएलसीच्या मदतीच्या यादीत जाऊन अद्ययावत आवृत्ती आली आहे काय, हे आज सायंकाळीच पाहावे. जून २०२४ मध्ये आलेल्या ३.०.२१ या आवृत्तीपेक्षा जुनी प्रत असेल, तर तीत विशिष्ट प्रकारच्या थेट प्रक्षेपणातून शिरकाव करून घेणारा एक दोष अद्याप उघडा आहे.