एक रात्र फियोर्डकाठी

नॉर्वेला जाणारे बरेच जण फियोर्ड क्रूझवरूनच बघतात आणि पुढच्या बंदराला निघून जातात. एक तरी रात्र काठावर काढाच, आणि जमलं तर ओड्डाच्या झाडघरात. हार्डांगर फियोर्डच्या फाट्यावरचं हे कारखान्यांचं जुनं गाव. वरच्या उतारावर २०२० साली ‘वुडनेस्ट’ची घरं झाली. जिवंत पाइनच्या खोडाला पोलादी कडं घालून त्यावरच अख्खं घर पेललंय! बाहेर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या, आत मधोमध खोड, खिडकीत खाली फियोर्ड. वाट मात्र खड्या चढाची, सामान पाठीवर. सोबत आजी-आजोबा असतील, तर नोरांग फियोर्डच्या टोकाशी १८९१ सालचं युनियन ओये हॉटेल बघा; तिथे जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्मही उतरत असे.