परदेशी जुन्या मोटारींचा मोह

परदेशात काही काळ वापरलेली भारी मोटार कमी दामात पदरात पाडून घेण्याचा मोह किती दूरवर पसरला आहे, याचे प्रत्यंतर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात आले. भूतानमार्गे बेकायदा आणून बनावट कागदपत्रांच्या आधारे भारतात नोंदविल्याचा संशय असलेल्या मोटारींसाठी सीमाशुल्क विभागाने अनेक ठिकाणी एकाच वेळी छापे घातले आणि कित्येक गाड्या ताब्यात घेतल्या. त्या प्रकरणात दोषी कोण, हे ठरविण्याचे काम न्यायालयांचे आहे. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा. विक्रेत्याच्या शब्दावर आणि हाती पडलेल्या कागदांवर विसंबून ज्याने आयुष्याची पुंजी अशा गाडीत घातली, त्याने पुढे कोणाच्या तोंडाकडे पाहावे? १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये बेकायदा आणलेला माल सरकारजमा होऊ शकतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेला म्हणून आपोआप शुद्ध होत नाही.

कायदा संदिग्ध आहे म्हणून हे घडते, असे म्हणण्यास जागा नाही. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००१ च्या एप्रिलमध्ये उठविताना सरकारने जुन्या मोटारींसाठी दार किलकिले केले, ते कडक अटींवर. गाडी निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणूचक्र उजवीकडे असावे, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीस अनुरूप असावा, पुढील पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यास योग्य राहील असा दाखला असावा, ती मुंबई बंदरातूनच यावी आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या नेमून दिलेल्या संस्थेकडून तिची चाचणी व्हावी, अशा त्या अटी आहेत. शिवाय जकात इतकी जबर आहे की, सर्व कर भरून रीतसर आणलेली जुनी परदेशी मोटार स्वस्त पडणे जवळजवळ अशक्य. तेव्हा अशी गाडी कोणी स्वस्तात देऊ करीत असेल, तर त्या स्वस्ताईतच शंकेचे बीज आहे, हे ग्राहकाने ओळखावयास हवे.

या अटी देशी कारखानदारांच्या सोयीसाठी आहेत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु तेवढ्यावरून अटी निरर्थक ठरत नाहीत. जपानमध्ये नव्या मोटारीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. ती खर्चिक असल्याने तेथील अनेक मालक सुस्थितीतील गाडीही लवकर काढून टाकतात व ती लिलावात जाते. तेथील लिलावात प्रत्येक गाडीचा प्रतवारीपत्रक असतो. कोठे पोचा आला आहे, कोठे रंग पुन्हा दिला आहे, हे त्यात आकृती काढून दाखविलेले असते. माल चांगला आणि माहितीही चोख, असा हा व्यवहार आहे. अडचण उद्भवते ती पुढे. मोटार जहाजात चढते. तो कागद मात्र पुष्कळदा बंदरावरच राहतो. मग किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे सोपे होते आणि ग्राहकाचा व्यवहार पाण्यात म्हैस व बाहेर मोल अशा थाटाचा होतो.

पुरात बुडालेल्या गाडीचे उदाहरण घ्यावे. २००५ च्या २६ जुलैच्या जलप्रलयानंतर पाण्यात राहिलेल्या मोटारींची काय दशा झाली, हे मुंबईकरांस सांगावयास नको. बाहेरून धुऊनपुसून लखलखीत केलेल्या गाडीच्या विजेच्या तारा आतून गंजत राहतात आणि काही महिन्यांनी एकेक यंत्रणा दगा देऊ लागते. जी गाडी आपल्या डोळ्यांदेखत बुडाली ती आपण टाळू. हजारो मैलांवर बुडालेली कशी ओळखणार?

याहूनही गंभीर गोष्ट सदोष भागांची आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या हवेच्या सुरक्षा-पिशव्या फुटताना धातूचे तुकडे उडून माणसे मृत्युमुखी पडली. त्यापायी जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. परंतु परत बोलावणारे पत्र नोंदणीपुस्तकातील मालकाला जाते. परदेशी विकल्या गेलेल्या गाडीच्या नव्या मालकापर्यंत ते पोहोचेलच, याची हमी कोण देणार?

हा प्रश्न एकट्या भारताचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात जगभरात सुमारे १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या. त्यांपैकी सुमारे ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या. पाहणी केलेल्या १४६ देशांपैकी सुमारे दोनतृतीयांश देशांचे याबाबतचे नियम दुबळे वा अतिदुबळे आढळले. नेदरलँड्सच्या बंदरांतून आफ्रिकेकडे निघालेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा बहुसंख्य गाड्यांजवळ योग्यतेचा चालू दाखलाच नव्हता. जी गाडी स्वतःच्या रस्त्यावर चालू द्यावयाची नाही, ती दुसऱ्याच्या रस्त्यावर पाठविण्यास हरकत नाही, हा न्याय सुसंस्कृत राष्ट्रांना शोभणारा नाही.

तरीही जुन्या मोटारींचा व्यापार सर्वथा त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. न्यूझीलंडमध्ये जपानी जुन्या गाड्यांनी सामान्य कुटुंबांना वाहन मिळवून दिले. पण त्या देशाने बंदरावर तपासणी बसविली आणि २०१८ मध्ये अत्यंत धोकादायक ताकाता पिशव्या बदलणे सक्तीचे केले. केनियाने आठ वर्षांची वयोमर्यादा घातली. दार उघडायचे की नाही यापेक्षा दारावर पहारा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या सरकारने तीन वर्षांची अट सैल करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र अट कागदावर ठेवून भागणार नाही. परदेशी बनावटीच्या जुन्या गाडीची नोंदणी करताना परिवहन कार्यालयाने मालकाने आणलेल्या प्रतीवर भिस्त न ठेवता सीमाशुल्क विभागाकडून थेट खातरजमा करावी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गाडी गेली तरी ती नोंद तिच्यासोबत जावी. निर्यात करणाऱ्या देशांवरही जबाबदारी पडली पाहिजे. रस्त्यावर चालण्यास योग्य नसलेली गाडी युरोपबाहेर जाऊ नये, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२३ च्या जुलैमध्ये मांडला. त्या दिशेने भारतानेही आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर आग्रह धरावा.

आणि ग्राहकाने? सांगाड्यावरील क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि जकात भरल्याचा मूळ दाखला या तीन गोष्टी जुळल्याखेरीज त्याने पैसे मोजू नयेत. मोटारीच्या बोधचिन्हाने शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान वाढत असेल. परंतु तिच्यात आपली मुलेबाळे बसणार आहेत. जिचा पूर्वेतिहास विक्रेता सांगू शकत नाही, ती गाडी कितीही देखणी असली तरी तिच्याकडे पाठ फिरविण्यातच शहाणपणा आहे.