ओरडणाऱ्याला आधी, भिस्सीवालीला शेवटी

भिवंडीतील लूमधारक, कारीगर आणि त्यांचे जामीनदार यांच्यासाठी पत्रक

बाकीच्या महाराष्ट्रात भिशी म्हणजे दरमहा पैसे काढून चिठ्ठीने एकेकीला रक्कम देण्याची पाळी. भिवंडीत भिस्सी म्हणजे कारीगरांची खानावळ. शांतीनगर, गैबीनगरच्या गल्ल्यांत, मागांच्या खटखटाटात, एखादी बाई दोन खोल्यांच्या घरात कारीगरांचा दोन वेळचा स्वयंपाक रांधते. जेवण आधी, पैसे पगारानंतर. पगार लांबला की तिचे पैसे लांबतात आणि किराणावाल्याकडची तिची उधारी फुगते. पण ती कोणाच्या दारात उभी राहून शिव्या देत नाही, कोरा चेक सही करून मागत नाही, फोटो नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देत नाही. म्हणून तिचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो.

भिवंडीतली कर्जफेड या एकाच नियमाने चालते: जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी. रोजचा हप्ता गोळा करणारा मोटारसायकलवर येतो, त्याला शंभर. फायनान्सवाल्याचा फोन दिवसातून दहा वेळा वाजतो, त्याला पाच हजार. बँक गप्प असते, म्हणून बँकेचे राहू दे. वीजबिलाचे पुढच्या आठवड्यात बघू. ओरडणे फारच वाढले तर नवे कर्ज काढून जुने भागवायचे. याची टोपी त्याच्या डोक्यावर. हे पत्रक या सवयीविरुद्ध आहे. तिचा फायदा उठवणाऱ्यांविरुद्ध तर आहेच, पण ज्यांनी कायद्याने दिलेली सोय कर्जदाराला कधी सांगितलीच नाही त्यांच्याविरुद्धही आहे.

कर्ज आले कुठून, याचे उत्तर 'चैन केली' असे देणाऱ्यांनी एकदा मागाजवळ उभे राहावे. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचे विणकाम मोठ्या प्रमाणात यंत्रमागांकडे वळले आणि भिवंडी वाढली. पण इथल्या बहुतेक लूमधारकांचे सूतही स्वतःचे नसते आणि कापडही. व्यापारी सूत देतो, लूमवाला कोरे कापड विणून मजुरी घेतो. ही मजुरी हाती पडायला वेळ लागतो. कारीगराचा पगार, वीज आणि गाळ्याचे भाडे मात्र थांबत नाही. मधली फट उसनवारीने बुजवायची. 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, 1 जुलै 2017 चा जीएसटी आणि मार्च 2020 ची टाळेबंदी हे तिन्ही घाव याच फटीत बसले. माग भंगारात वजनावर विकले गेले तरी त्यांच्यावरचे कर्ज वजनावर जात नाही.

कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट. 2008 ची केंद्राची, 2017 ची आणि 2019 ची राज्याची, या तिन्ही माफ्या शेतकऱ्यांसाठी होत्या. यंत्रमागवाला त्यांत कुठेच नव्हता.

तेव्हा सुरुवात एका वहीपासून करावी लागते. डाव्या पानावर घराचे आणि कारखान्याचे खरे उत्पन्न, उजव्या पानावर प्रत्येक देणे: कोणाचे, मूळ किती, आजवर फेडले किती, तारण काय, चेक किती दिले, जामीनदार कोण. बँका आणि फायनान्स कंपन्यांची नावे आठवत नसतील तर क्रेडिट रिपोर्ट मागवावा. 2017 पासून प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने तो वर्षातून एकदा फुकट द्यायचा आहे. सावकाराचे नाव त्यात सापडणार नाही. ते वहीतच लिहावे लागते, आणि बहुतेकांचा हात नेमका तिथेच अडखळतो, कारण घरच्यांना त्याच्याबद्दल सांगितलेलेच नसते.

मग क्रम. तो आवाजावर नाही, परिणामावर लावायचा. भाकरी, भाडे, कारीगराचा पगार आणि त्यातून भिस्सी हे पहिले. मग वीज. 26 जानेवारी 2007 पासून भिवंडीचे वीजवितरण टोरंट पॉवरकडे आहे. बिल थकले तर 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनी जोडणी तोडू शकते, आणि वीज गेली की फेडायचे साधनच जाते. त्यानंतर सही करून दिलेले चेक. नुसता हप्ता थकणे हा गुन्हा नाही. पण कर्जापोटी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परतला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली तो गुन्हा होऊ शकतो: नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड. बँकखात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांनाही 2007 च्या पेमेंट सिस्टिम कायद्याने जवळपास हीच शिक्षा लावली आहे. म्हणून 'नोटीस घेऊच नका, पोस्टमनला परत पाठवा' हा नाक्यावरचा सल्ला देणारा माणूस कर्जदाराचा मित्र नव्हे. मग गहाण घर किंवा गाळा. विनातारण देणी सर्वांत खाली.

समजा हे सगळे भागवून महिन्याला 12 हजार उरतात आणि विनातारण देणी तीन आहेत: एका फायनान्स कंपनीचे तीन लाख, पतसंस्थेचे दोन, सूतवाल्याचे एक. तर अनुक्रमे सहा, चार आणि दोन हजार. ओरडणारा आणि गप्प बसणारा, दोघांना देण्याच्या प्रमाणात. तिघांनाही एकच पत्र, एकच हिशेब, सोबत उत्पन्नाचा पुरावा. न पेलणारा आकडा कबूल करू नये. दुसऱ्याच महिन्यात मोडलेला शब्द पहिल्या थकबाकीपेक्षा जास्त नुकसान करतो.

आता सावकार. रोजच्या डायरीचे गणित वरवर साधे असते: हातात नऊ हजार, परतफेड शंभर दिवस शंभर रुपये. हजार रुपयेच तर जास्त, असे वाटते. पण मुद्दल पहिल्या दिवसापासूनच परत जाऊ लागते, त्यामुळे वर्षाचा दर 75 टक्क्यांच्या पुढे जातो. शेकडा पाचचे कर्ज म्हणजे वर्षाला 60 टक्के. वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज देऊन होते आणि मुद्दल जागच्या जागी. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सरकारने बिगरशेती कर्जाला घातलेली मर्यादा तारण असेल तर वर्षाला 15 आणि नसेल तर 18 टक्के आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही; आपला जुना दामदुपटीचा नियम याही कायद्यात शाबूत आहे. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड. तक्रार घेणारा अधिकारी म्हणजे तालुक्याचा सहायक निबंधक, सहकारी संस्था. त्याच्या दाराशी रांग का लागत नाही? कारण कर्जदाराकडे पावती नसते, आणि पावती मागायची त्याची छाती होत नाही.

ही भीती जुनी आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी मागितली ती मुख्यतः कागदपत्रे: खते, रोखे, हुकूमनामे. ती जाळली. दंगा मोडला, चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने न्यायाधीशाला नुसत्या रोख्यावर विसंबू न देता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासायला लावला. कागद फक्त एकाच बाजूच्या पेटीत असतो तोवर देणेकरी हरतो, हे सुप्याच्या कुणब्याला पक्के कळले होते. भिवंडीच्या लूमवाल्याला कागद जाळायची गरज नाही. त्याने स्वतःचा तयार करावा. सावकाराला रोख देऊ नये, खात्यातून द्यावे. रोख द्यावीच लागली तर तारीख, रक्कम आणि साक्षीदार वहीत लिहावा.

पतसंस्थेची तऱ्हा वेगळी. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा नव्हे, सहकार खात्याचा अंमल, आणि तिचे हत्यार म्हणजे सहकार कायद्याचे कलम 101. त्याखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की दिवाणी दाव्याशिवाय जप्ती निघते. सुनावणीची नोटीस येते तेव्हा कर्जदार जात नाही, जामीनदारही जात नाही. पुढे मेव्हण्याच्या पगारावर टाच येते आणि दोन घरांचे बोलणे तुटते. सुनावणीला जाऊन खातेउतारा मागणे, व्याज आणि दंडव्याजाचे आकडे तपासणे आणि हप्ते बांधून मागणे एवढे तर कोणीही करू शकतो.

सर्वांत मोठी लपवाछपवी मात्र बँकांच्या काउंटरवर चालते. 17 मार्च 2016 रोजी रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट घालून दिली. 25 कोटींपर्यंतच्या कर्जखात्यात थकबाकीची लक्षणे दिसू लागली की, 90 दिवस उलटून खाते बुडीत ठरण्याआधीच, सुधारणेचा आराखडा ठरवायचा. दहा लाखांपर्यंतच्या खात्यांचे शाखेनेच पाहायचे, त्यावरचे प्रकरण समितीकडे. अडचण दिसत असेल तर उद्योजक स्वतःही अर्ज करू शकतो. कर्जाच्या नियोजनाचा आराखडा म्हणून जगभर जे सांगितले जाते, त्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची सोय ती हीच. भिवंडीतल्या किती शाखांच्या भिंतींवर ती मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगूत लिहिलेली आहे, हे प्रत्येक लूमधारकाने आपापल्या शाखेत जाऊन बघावे. सोने तारण कर्जाची जाहिरात दारातच भेटेल.

1 ऑगस्ट 2024 रोजी प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. त्याच निकालात कर्जदारासाठीही चपराक आहे: आपण लघुउद्योग आहोत हे पुराव्यानिशी त्याने वेळेत मांडले पाहिजे. खाते बुडीत होऊन, गहाण मालमत्ता ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस आली, ताब्याची वेळ आली, आणि मग तो उठला तर ही ढाल उपयोगी पडत नाही. म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी उद्यम नोंदणी आधी, बँकेला पत्र थकबाकीच्या 90 दिवसांच्या आत, आणि पोच हातात.

तीच उद्यम नोंदणी दुसऱ्या टोकालाही कामी येते. 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने मजुरीचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत. नंतर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. 'व्यापाऱ्याशी भांडलो तर सुताचे पुढचे बीम मिळणार नाही' ही अडचण खोटी नाही. पण एकट्याने मागितल्यावर जे बीम अडते, ते गल्लीतल्या तीस जणांनी एकाच दिवशी मागितल्यावर कोणाकोणाचे अडवणार?

वसुलीवाल्यांबद्दल थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले. गटकर्जाच्या, म्हणजे मायक्रोफायनान्सच्या वसुलीला तर नऊ ते सहाचीच मुभा. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हेही बंधन कर्ज देणाऱ्यावरच आहे. हे नियम नुसते कागदावर नाहीत. हजारीबागमध्ये ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती तरुणीचा जीव गेला, तेव्हा 22 सप्टेंबर 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या माणसांकडून वसुली करण्यास मनाई केली. ती पुढे जानेवारी 2023 मध्ये उठली. धमकीचा फोन आला की तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहावा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत.

'अर्ध्यात सेटल करून देतो' म्हणून आगाऊ फी घेणारे दलाल हल्ली फार झाले आहेत. हप्ते बंद करा, बाकी आम्ही बघतो, असे ते सांगतात. बघतात काय ते त्यांनाच ठाऊक. तडजोड बँकेशी थेट करता येते, लोकअदालतीतही करता येते. बँकेचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय एक रुपया भरू नये. क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' हा शेरा राहतो आणि पुढचे कर्ज अवघड होते, हे दलाल सांगत नाही.

आणि सरकार? इंग्लंड आणि वेल्समध्ये 4 मे 2021 पासून अडचणीतल्या माणसाला 60 दिवसांची उसंत मागता येते. त्या काळात बहुतेक देण्यांचे व्याज आणि वसुली थांबते. आपण 2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाचे प्रकरण लिहिले, पण ते लागू करणारी अधिसूचना काढली नाही. उद्या काढली तरी तिच्या अटी अशा: वर्षाचे उत्पन्न 60 हजारांच्या आत, मालमत्ता 20 हजारांच्या आत, कर्ज 35 हजारांच्या आत. महिना पाच हजारांत बारा तासांची पाळी करणारा कारीगर भिवंडीत शोधून दाखवावा. तोवर भिवंडीच्या माणसाला ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच उघडावा लागतो. कंपन्यांची कर्जे सोडवायला नवे न्यायाधिकरण आणि लूमवाल्याला इंग्रजांच्या जमान्यातला कायदा, या वाटणीचा जाब खासदार-आमदारांना मते मागायला येतील तेव्हा विचारला पाहिजे.

त्याआधी करण्याजोगे काम छोटे आहे. शाखा व्यवस्थापकाकडे, पतसंस्थेकडे किंवा सहायक निबंधकाकडे जाणाऱ्याने अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. सोबत खातेउतारा, सहा महिन्यांची वीजबिले, उद्यम प्रमाणपत्र आणि व्यापाऱ्याकडच्या येण्याची यादी. एक प्रत टेबलावर द्यावी आणि दुसरीवर तारखेचा शिक्का नि आवक क्रमांक मिळेपर्यंत खुर्ची सोडू नये. 'साहेब जेवायला गेलेत' असे उत्तर मिळाले तर तेही, वेळेसकट, वहीत लिहावे.