खेळाडूच्या दुखापतीचे दायित्व कोणाचे?

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा वा खो-खोचा सामना जिंकला गेला की विजयाला वाटेकरी अनेक मिळतात. चषक प्राचार्यांच्या दालनात विराजमान होतो, संघाचे छायाचित्र वार्षिकांकात झळकते, मूल्यांकनाच्या अहवालात क्रीडायशाची नोंद होते. मात्र त्याच सामन्यात एखाद्या चढाईपटूचा गुडघा पिळवटला, तर त्या दुखापतीला वाटेकरी उरत नाही. ती त्या विद्यार्थ्याची आणि त्याच्या बापाची खाजगी बाब ठरते. यश सामुदायिक आणि हानी वैयक्तिक, हा आपल्या महाविद्यालयीन क्रीडाजीवनाचा अलिखित नियम होऊन बसला आहे.

हा नियम कोणाला सर्वाधिक जाचतो, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानपट्ट्यातील गावांतून पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी खेळाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस व सैन्य भरतीत शारीरिक चाचणी निर्णायक ठरते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर शरीर हेच त्याचे भांडवल आहे. तेच शरीर रोवणीच्या दिवसांत घरच्या बांधीतही राबत असते. गुडघा निकामी झाला की भरतीची आशा आणि घरातील दोन हातांची मेहनत, दोन्ही एकाच दिवशी जातात. अधिक उपचारांसाठी नागपूर गाठायचे, तर अंतर सुमारे शंभर किलोमीटर. आणि रुग्णासोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती निराळीच.

मग या विद्यार्थ्याला शासनाचे संरक्षण मुळीच नाही काय? आहे, परंतु ते ऐन गरजेच्या वळणावर तुटते. शाळकरी विद्यार्थ्यांसाठी राज्याने २००३ मध्ये राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना सुरू केली. आरंभी ती विम्याच्या स्वरूपात होती. २०१३ मध्ये तिचे रूपांतर थेट सानुग्रह अनुदानात करण्यात आले आणि २०२२ मध्ये अनुदानाच्या रकमा वाढविण्यात आल्या. क्रीडास्पर्धेत खेळताना झालेल्या दुखापतीचा तीत स्पष्ट उल्लेख असून रुग्णालयाच्या प्रत्यक्ष खर्चापोटी कमाल एक लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पण ही योजना पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांपुरती आहे. म्हणजे बारावीचा विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातून खेळताना पडला, तर शासन त्याला हात देणार. आणि तोच विद्यार्थी पुढल्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच आवारातील वरिष्ठ महाविद्यालयाच्या संघातून खेळताना पडला, तर तो हात आखडला जाणार. या भेदाचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करावयाचे?

शिडीच्या वरच्या टोकालाही संरक्षण आहे. राष्ट्रीय शिबिरांतील आणि ‘खेलो इंडिया’ योजनेतील खेळाडू, प्रशिक्षक व साहाय्यक मिळून तेरा हजारांहून अधिक जणांना पाच लाख रुपयांचा वैद्यकीय विमा देण्याचा निर्णय केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केला. तो स्वागतार्हच होता. परंतु राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचणारा प्रत्येक खेळाडू आधी जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या मैदानावर घडत असतो. शिडीच्या तळाशी आणि शेंड्याला कठडा, आणि मधल्या पायऱ्या मात्र उघड्या, अशी ही रचना आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पंतप्रधान जन आरोग्य योजनेशी जोडली गेली आहे. पाच लाखांपर्यंतचे हे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना खुले करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मग खेळाडूंसाठी वेगळे काही कशाला, असा प्रश्न येथे विचारला जाईल. तो रास्त आहे. पण त्याचे उत्तर दुखापतीच्या स्वरूपात दडलेले आहे. ही योजना मुख्यतः रुग्णालयातील भरतीवर, ठरवून दिलेल्या उपचारांवर आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांवर उभी आहे. गुडघ्याचा अस्थिबंध, ज्याला आपण व्यवहारात लिगामेंट म्हणतो, तो तुटला तर शस्त्रक्रिया हा उपचाराचा केवळ मधला टप्पा असतो. निदानासाठी आधी बाह्यरुग्ण विभागाच्या फेऱ्या आणि एमआरआय. नंतर सहा ते नऊ महिन्यांची फिजिओथेरपी. पंतप्रधान जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या पंधरा दिवसांच्या खर्चाची सोय आहे. खेळाडूची खरी कसोटी सोळाव्या दिवसापासून सुरू होते. शस्त्रक्रिया फुकट झाली आणि व्यायामोपचार परवडले नाहीत, तर पाय आखडतो आणि शासनाचा शस्त्रक्रियेवरील पैसाही वाया जातो.

सर्वसामान्य अपघात विम्याचीही हीच अडचण आहे. तो मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला ओळखतो. परंतु मैदानावरील बहुतेक दुखापती या दोहोंत बसत नाहीत. निखळलेला खांदा, मोडलेले मनगट, तुटलेला अस्थिबंध यांनी माणूस मरत नाही, की कागदोपत्री अपंगही ठरत नाही. त्याचे खेळणे तेवढे संपते.

उच्च शिक्षण विभागाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी अल्प हप्त्याच्या अपघात व वैद्यकीय विम्याची योजना पुढे आणली, ही जमेची बाजू होय. परंतु विद्यार्थ्याने स्वेच्छेने हप्ता भरावा, या पायावर असा विमा तगत नाही. ज्याला धोका अधिक तोच विमा घेतो, ज्याच्याजवळ पैसा नाही तो घेत नाही. त्यामुळे विमा कंपनीवरील भार वाढतो आणि हप्ताही वाढतो. अर्थशास्त्र याला प्रतिकूल निवड म्हणते. यावरचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे : विमा सामूहिक असावा, संघात नाव आले की तो आपोआप लागू व्हावा आणि हप्ता संस्थेने भरावा.

हे अशक्य आहे काय? महाराष्ट्राने स्वतःच त्याचे उत्तर दिले आहे. दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली आणि गोविंदांना विम्याचे संरक्षण मिळाले. २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा माणशी ७५ रुपये हप्त्याने उतरविण्यात आला. त्याचे ३७ लाख ५० हजार रुपये शासनाने दिले. २०२५ मध्ये विमाधारक गोविंदांची संख्या दीड लाखावर नेण्यात आली. या निर्णयाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; थरावरून पडणाराही कोणाच्या तरी घरचा मुलगाच असतो. परंतु सणापुरत्या खेळासाठी जे जमले, ते वर्षभराच्या खेळासाठी का जमू नये? वर्षभराचा आणि फिजिओथेरपीसह विमा अर्थातच महाग पडेल. तो दसपट महाग धरला, तरी माणशी साडेसातशे रुपये होतात. शंभर खेळाडूंच्या महाविद्यालयाला ७५ हजार. हा भार लहान संस्थेला जड वाटेल, म्हणूनच तो विद्यापीठ, महाविद्यालय आणि शासन यांनी वाटून घ्यावा.

दायित्व टाळण्याची वृत्ती केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत रे डेनिसन हा विद्यार्थी १९५५ मध्ये महाविद्यालयाच्या फुटबॉल सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगारांप्रमाणे भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द तेथे त्याच काळात रूढ झाला, आणि खेळाडू हा कर्मचारी नव्हे हे ठसविण्यासाठीच तो पुढे वापरला गेला. त्याच देशातील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ऑगस्ट २०२४ पासून, महाविद्यालयीन खेळ सोडल्यावरही दोन वर्षे, खेळातील दुखापतींच्या उपचारांसाठी विमा लागू केला. तेथे महाविद्यालयीन खेळ हा अब्जावधींचा व्यवहार आहे, आपल्याकडे नाही, हे खरे. परंतु ज्याच्या नावासाठी खेळाडू मैदानात उतरतो, त्याने त्याच्या जखमेची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व तिकिटाच्या उत्पन्नावर अवलंबून नाही.

धोका पत्करूनच विद्यार्थी खेळतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पण कारखान्यातील कामगारही धोका जाणूनच यंत्रापुढे उभा राहतो; म्हणून त्याची भरपाई आपण नाकारली नाही. आज ही उणीव क्रीडाशिक्षकांची पदरमोड आणि सहाध्यायांची वर्गणी भरून काढते. ही माणुसकी वंदनीय आहे. पण माणुसकीवर विसंबलेली व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे.

यासाठी तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. अपघात अनुदानाची बारावीची मर्यादा पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत वाढवावी. विद्यापीठाने संघाची यादी स्वीकारतानाच सामूहिक विम्याचा क्रमांक मागावा, आणि त्या विम्यात एमआरआयपासून फिजिओथेरपीपर्यंतचा खर्च अंतर्भूत असावा. उपजिल्हा रुग्णालयांतून फिजिओथेरपीची नियमित सोय व्हावी, म्हणजे एकोडीच्या मुलाला पाय सरळ करण्यासाठी दर आठवड्याला नागपूर गाठावे लागणार नाही.

संघाच्या यादीवर प्राचार्यांची स्वाक्षरी असते. ती केवळ पात्रतेचा दाखला न राहता जबाबदारीची हमी झाली पाहिजे. तोवर चषकाच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्याचा अधिकार आपण कितपत कमावला आहे, हे प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावे.