वेणी घालणारीचे नाव काय?

छोट्या व्यावसायिकांनी मोठ्यांच्या स्पर्धेत टिकायचे कसे, या विषयावर आपल्या कोल्हापुरात शिबिरे पुष्कळ होतात. नावीन्य, धोरण, ब्रँड, बाजारपेठ हे शब्द आता बचत गटातल्या बायांनाही पाठ झाले आहेत. व्याख्याते सांगतात, काळाबरोबर बदला. सल्ला चुकीचा नाही. पण बदलायचे कोणी, त्यासाठी जादा राबायचे कोणी आणि त्याचा पैसा पडायचा कोणाच्या हातात, हे तिथे कोणी विचारत नाही. स्त्रियांच्या बाजूने काम करणाऱ्या आपण मात्र ते विचारले पाहिजे. उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या गावाचे नाव घेऊन जगभर फिरणारी वस्तू आपल्या पायातच आहे.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव मात्र कुठे नव्हते. इकडे गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतली आहे, हे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. भौगोलिक निर्देशांकाचे जे नोंदणीकृत मालक आहेत त्यांनी दाद मागावी, असा त्याचा मथितार्थ. हे मालक म्हणजे दोन सरकारी महामंडळे : आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातले डॉ. बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे महामंडळ. पुढे कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथे बनवून घ्यायचे, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण, असे जाहीर झाले.

या सगळ्या काळात मी बातम्या वाचत होते. 'कारागीर' म्हणून जी नावे आणि छायाचित्रे माझ्या नजरेस पडली, ती जवळजवळ सगळी पुरुषांची होती.

आता चप्पल होते कशी ते पाहू. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावले जाते. रापीने तळ कापायचा, थर जोडायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल कोल्हापुरीला खिळा लागत नाही. हे काम बहुतेक घरांत पुरुषांकडे. मग पट्टे, कान, अंगठा, वेणी, गोंडा, नक्षीची भोके, तेल-पॉलिश. यातले बहुतेक काम बायांकडे. कोल्हापुरी ओळखू येते ती तिच्या वेणीवरून. म्हणजे गिऱ्हाईक ज्या गोष्टीकडे बघून हात पुढे करते, ती गोष्ट बाईच्या बोटांतून आलेली असते.

चपला करणाऱ्या कुटुंबांतल्या बायांबरोबर माझे काम आहे. एका बैठकीत आम्ही मधोमध एक चप्पल ठेवली आणि ठरवले, की जो भाग ज्याने केला त्याच्या नावाने तिथे खडा ठेवायचा. बाईसाठी चिंच, पुरुषासाठी गोटी. बघता बघता चप्पल चिंचोक्यांनी भरून गेली. तरी एक मावशी म्हणाल्या, "ताई, कारागीर आमचं मालक. मी काय करतो? नुसत्या येण्या घालतो." हा 'नुसत्या' शब्द मला त्या दिवसापासून छळतो आहे. ज्या कामाने वस्तूला किंमत येते, तेच काम घरच्या हिशेबात 'हातभार' होते. दुकानदाराच्या हिशेबात तर ते नसतेच. पैसे जोडीमागे मिळतात आणि ते जोड पोचवणाऱ्याच्या हातात पडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपले भांडण घरच्या कारागिराशी नाही. तोही दलित समाजातला, व्यापाऱ्याच्या उधारीखाली दबलेला माणूस आहे. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा कच्च्या मालाची ओढाताण त्यानेही सोसली. पण तो पिळला जातो म्हणून त्याच्या शेजारी बसलेली बाई पिळली जात नाही, असे होत नाही. तिचे पिळणे एक मजला खाली असते, इतकेच.

आता स्पर्धेबद्दल. पहिली गोष्ट, किमतीच्या मैदानात हा धंदा जिंकू शकत नाही. रेक्झिनची, यंत्रावर ठोकलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून रस्त्यावर मिळते. तिच्याशी स्वस्तपणात बरोबरी करायला गेले की आधी काय कमी होते? कातड्याचा भाव कमी होत नाही. कमी होते ती हातमजुरी, आणि त्यातही आधी वेणीची. 'स्पर्धेसाठी भाव पाडा' या सल्ल्याचा खरा अर्थ 'बाईला आणखी स्वस्त करा' असा निघतो.

दुसरी गोष्ट, कायदा मदत करतो पण अर्धीच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. पण या कायद्याने संरक्षण मिळते ते नावाला. चपलेच्या आकाराची मक्तेदारी त्यातून मिळत नाही. नाव न वापरता कोणी तसाच घाट उचलला तर निव्वळ या कायद्याच्या बळावर त्याला अडवणे कठीण. म्हणजे न्यायालयाच्या दाराशी बसून धंदा वाढणार नाही. आपला माल असा हवा, की नाव वाचून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार होईल.

मग नावीन्य हवेच. पण ते कोणते? माझ्या अनुभवात गिऱ्हाइकाच्या तक्रारी साध्या असतात. नवी चप्पल चावते. एकाच नंबरचे दोन जोड सारखे बसत नाहीत. पावसात भिजली की गेली. नोकरीवर दिवसभर उभे राहणाऱ्या बाईला तळ कडक लागतो. या तक्रारींवर उपाय काढणे हेच नावीन्य. ठरलेली मापे, अंगठ्याखाली मऊ चामडे, हलका तळ, पाऊल कागदावर आखून घेऊन बनवलेली चप्पल, तुटलेला अंगठा बदलून देण्याची सोय. यातली कितीतरी सुधारणा बाया आधीच गुपचूप करीत असतात. कोणी पट्ट्याची कड घासून मऊ करते, कोणी वेणी सैल धरते म्हणजे पाय कापत नाही. या ज्ञानाला कोणी 'डिझाइन' म्हणत नाही. कॉलेजात शिकलेल्या मुलाने तेच कागदावर काढले तर म्हणतात.

तिसरी गोष्ट, एकेकट्या घराने हे जमणार नाही. इथे लिज्जत पापडाचा इतिहास उपयोगी आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पुढे हजारो घरांत पापड लाटले गेले आणि तरी चव एकच राहिली. कारण पीठ एका जागी मळले जाते, लाटायला घरी नेले जाते, आणि परत आलेला पापड तपासून घेतला जातो. लाटणाऱ्या बहिणींना त्याच दिवशी मजुरी, आणि प्रत्येक बहीण धंद्याची भागीदार. नावीन्य पापडात फारसे नव्हते, ते या व्यवस्थेत होते. चपलेच्या धंद्यालाही हे लागू पडते. कातडे सगळ्यांनी मिळून घ्यावे, तळ ठरलेल्या मापाने एका जागी कापावेत, वेणी घरी व्हावी, तपासणी एका जागी व्हावी, आणि वेणीचा दर वेगळा लिहिलेला असावा. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात अथणीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने कारागीर घरांतल्या बायांचे बचत गट बांधून 'टोहोल्ड' या नावाने चपला परदेशी पाठवण्याचे काम सुरू झाले होते. तेव्हा हे स्वप्नरंजन नाही, आपल्या शेजारी होऊन गेलेली गोष्ट आहे.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट कागदाची. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक व्यवसायांत चपला करणारेही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि आधी एक लाख व मग दोन लाखांचे कर्ज ५ टक्के व्याजाने. योजना चांगली आहे. पण तिच्यात एक अट आहे : एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. अटीत 'पुरुष' असा शब्द नाही. पण ज्या घरात बाई स्वतःच म्हणते, की 'कारागीर आमचं मालक', तिथे ते एक नाव कोणाचे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. एका जोडीला दोघांचे हात लागतात आणि सरकारी कागदावर एक नाव उरते.

घरोघर विचारले की उत्तर मिळते, "घर एकच आहे की, नाव कुणाचंबी असू दे." घर एक आहे तोवर खरेच फरक पडत नाही. नवरा वारला, सोडून गेला, दारूत बुडाला, की फरक पडतो. वीस वर्षे वेणी घातलेली बाई बँकेत जाते तेव्हा ती कारागीर नसते, 'गृहिणी' असते. शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा बायकोच्या नावावर जमीन करायला नवऱ्यांना सांगावे लागले होते. जमिनीचे जे, तेच हुनराचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरी बसून काम करणाऱ्यांसाठी करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तेव्हा वरून काही खाली येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपल्याला करण्यासारखे बरेच आहे. महामंडळाने चपलेवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. तो वाचला की चप्पल कोणी, कुठे बनवली ते कळते. त्या नोंदीत वेणी घालणारीचेही नाव असावे, अशी मागणी करावी. भौगोलिक निर्देशांकाच्या कायद्यात मालकाखेरीज 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद होऊ शकते. तिथे बायांचे आणि त्यांच्या गटांचे अर्ज भरावेत. विश्वकर्मा योजनेतली एका कुटुंबाची अट जिथे दोघेही कारागीर आहेत तिथे शिथिल व्हावी. परदेशी कंपनीच्या प्रशिक्षणाला जी यादी जाईल तिच्यात निम्म्या बाया असाव्यात. आणि प्रत्येक घरात एक साधी वही असावी : आज किती जोड, वेणी कोणी घातली, किती तास, दर काय.

ही शेवटची मागणी सगळ्यांत छोटी वाटेल. पण बाकीच्या मागण्यांना पुरावा तिच्यातूनच मिळणार आहे. मैत्रिणींनो, तुमच्या भागात चपला, वाकळा, मसाले, शिवणकाम, काहीही होत असेल, तर पुढच्या बैठकीला भाषण बाजूला ठेवा आणि ही वही घेऊन जा. पहिल्या पानावर त्या बाईचे पूर्ण नाव तिच्याकडूनच लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, आणि तिला वाचून दाखवा. व्यवसायाच्या रकान्यात 'कारागीर' लिहायला विसरू नका.